दसऱ्याची सुट्टी संपली, वर्ग अजून भरायचाय : सीमाभागातल्या नव्या हायस्कूल शिक्षकांसाठी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी गणित शिकवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मोठ्या उत्साहात शाळेत गेलो, हजेरी घेतली आणि लगेच फळ्यावर वर्गसमीकरणं काढली. पटावर ४३, समोर १७. म्हटलं, आलेत त्यांचं नुकसान कशाला? आठवडाभर जीव तोडून शिकवलं. दिवाळी झाली, उरलेली पोरं आली आणि तोच धडा पहिल्यापासून घ्यावा लागला. आधी आलेली १७ जणं बाकावर मान टाकून बसली. त्यातलीच एक मुलगी शेवटी म्हणाली, "सर, आम्ही लवकर आलो ते चुकलंच की."

तुमची ही पाळी टळावी म्हणून लिहितोय. यंदा कायम नेमणूक मिळालेले असा किंवा अतिथी शिक्षक म्हणून जूनमध्ये लागलेले असा, मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीला शिकवत असाल तर पुढचं बरंचसं तुमच्या उपयोगी पडेल. डी.एड.-बी.एड.मध्ये हे कोणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपली सुट्टी कर्नाटकाची आणि सणवार महाराष्ट्राचे. कर्नाटकात सहामाही सुट्टी दसऱ्याला मिळते. दिवाळीत शाळेला सुट्टी असते ती नरक चतुर्दशीची आणि पाडव्याची. भाऊबीजेला शाळा चालू. पण आपल्या पोरांचं आजोळ चंदगडला, गडहिंग्लजला, कोल्हापुरात. तिकडच्या मामे-मावस भावंडांना दिवाळीची मोठी सुट्टी असते आणि सगळा गोतावळा तेव्हाच जमतो. त्यात खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, नेमकी त्याच वेळी भाताची सुगी सुरू होते. म्हणजे कागदावर सुट्टी एक, वर्गात मात्र तीन: दसरा, दिवाळी आणि सुगी. २०२५ साली तर कहरच झाला. २० सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर अशी ठरलेली सुट्टी सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण पूर्ण झालं नाही म्हणून सरकारी आणि अनुदानित शाळांना १८ ऑक्टोबरपर्यंत वाढली. १९ ला रविवार, २० ला नरक चतुर्दशी, २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज. मधल्या २१ तारखेला वर्गात कोण येणार होतं? आम्ही शिक्षकच त्या सर्वेक्षणाच्या पायपिटीतून सावरलो नव्हतो.

माझा हिशेब असा की आपल्याकडे वर्ग खरा भरतो तो तुळशीचं लग्न झाल्यावर. तोवरचे दिवस वर्ग गोळा करण्याचे. ते कसे वापरायचे, ते आता क्रमाने सांगतो.

हाताशी काय हवं

- हजेरीपट आणि पालकांच्या मोबाइल नंबरांची यादी (जूनमधली चालणार नाही, निम्मे नंबर बदललेले असतात)
- एसए-१ च्या, म्हणजे सहामाही परीक्षेच्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि गुणयादी
- एफए-१, एफए-२ च्या (वर्षभरातल्या छोट्या मूल्यमापनांच्या) नोंदी
- पाठ टाचणाची वही आणि वार्षिक नियोजन
- दहावीचे वर्गशिक्षक असाल तर शाळेचं प्रवेश रजिस्टर आणि सॅट्सवरून (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून) काढलेली विद्यार्थ्यांची यादी
- सुट्टीत आलेल्या सुत्तोल्यांची (सरकारी परिपत्रकांची) फाइल
- चार-पाच जादा पेनं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी निम्म्या पोरांकडे पेन नसतं, त्यावरून तास घालवू नका.

## १. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एक फेरी मारा

हे हेडमास्तरांचं काम असं म्हणून सोडून देऊ नका. सुट्टीत बंद राहिलेल्या खोल्यांत काय काय असतं ते खानापूरकडच्या शिक्षकाला विचारा. छपराच्या कोपऱ्यात गांधीलमाशांचं पोळं, कपाटामागे साप, फळ्यावर वाळवीची रेघ. एके वर्षी आमच्या प्रयोगशाळेत खिडकीची काच फुटून पावसाचं पाणी शिरलं होतं आणि एक आख्खं कपाट तक्ते लगदा झाले होते.

पाण्याची टाकी उपसून धुतली आहे का ते स्वतः वर चढून बघा. अक्षर दासोहाचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, तांदूळ आणि डाळ उघडून बघायला सांगा. किडे किंवा जाळी धरली असेल तर ते पहिल्याच दिवशी दासोह रजिस्टरात लिहून वर कळवायचं. निवडून शिजवू म्हणून गप्प बसलात आणि उद्या कोणाचं पोट बिघडलं, तर सही तुमची असते.

एक सापळा: साफसफाईसाठी मुलं हाताशी असतात. आपला वर्ग झाडणं, बाकं पुसणं इथवर ठीक. शौचालयाला मात्र मुलांचा हात लागू देऊ नका. त्यावरून कर्नाटकात शिक्षक निलंबित झालेले आहेत, आणि माझं विचाराल तर योग्यच झालं.

## २. पहिल्या दिवशी नवा धडा काढू नका

वर सांगितलंच. मग करायचं काय?

"सुट्टीत काय केलं?" असा निबंध तर अजिबात नको. पोरं तीच सहा वाक्यं लिहितात. त्यापेक्षा त्यांच्या हातून जे झालंय त्यातून आपला विषय काढा. दसऱ्याला आपट्याचं सोनं सगळ्यांनी वाटलेलं असतं. आमचे जीवशास्त्राचे सर पहिल्या तासाला आपट्याची आणि कांचनाची पानं शेजारी ठेवतात आणि फरक ओळखायला लावतात. दरवर्षी अर्धा वर्ग चुकतो. मी गणिताला सुगी धरतो. एका गुंठ्याला किती पेंढ्या, किती पेंढ्यांना एक पोतं, तुमचं रान किती? नववीतला एक मुलगा, जो एरवी त्रैराशिकाला हात लावत नाही, त्याने फळ्याशी येऊन आपल्या घरच्या भाताचा हिशेब मांडला. माझं उत्तर चुकलं होतं, कारण पाखडताना फोल किती जातं ते मी धरलंच नव्हतं. वर्ग हसला. पुढे महिनाभर तो मुलगा पहिल्या बाकावर बसत होता.

दिवाळीनंतर किल्ले आहेतच. बेळगावात गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात. उंची, उतार, प्रमाण, सगळं गणित त्यात बसलेलं असतं. इतिहासवाल्यांना तर विचारायलाच नको.

## ३. न आलेल्यांची यादी करा, आणि यादीपुढे कारण लिहा

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, म्हणून इथे जरा थांबतो.

हजेरीपटात नुसतं 'गै' लिहून पान उलटू नका. वेगळ्या वहीत नाव, फोन कधी केला आणि कारण, असे तीन रकाने पाडा. पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक घरी एक फोन झालाच पाहिजे. कारणं ढोबळमानाने चार सापडतील आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा.

आजोळी गेलेली पोरं दिवाळी झाल्यावर आपोआप येतात. त्यांच्या पालकांना रागावून उपयोग नाही. "भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पाठवा," एवढा शब्द घ्या. काही शाळा आधी कळवून भाऊबीजेला स्थानिक सुट्टी घेतात आणि तो दिवस दुसरीकडे भरून काढतात. तुमच्या शाळेत तसं होतं का ते हेडमास्तरांना जूनमध्येच विचारून ठेवायला हवं होतं. पुढच्या वर्षी विचारा.

सुगीवर असलेली पोरं गावातच असतात. त्यांच्या घरी सकाळी फोन करू नका, कोणी उचलत नाही. संध्याकाळी सातनंतर करा, नाहीतर सरळ शेताच्या बांधावर जा. मी दोनदा गेलोय. वडील विळा खाली ठेवून म्हणाले, "सर, पाऊस यायच्या आत एवढं उचलायचंय, चार दिवस द्या." ढगांकडे बघितल्यावर मला काही बोलता आलं नाही. चार दिवस दिले, पाचव्या दिवशी पोरगं वर्गात होतं. शब्द दिला की खेड्यातला माणूस सहसा पाळतो. पण शब्द मागायला तिथवर जावं लागतं.

गोव्याला गेलेली पोरं ही अवघड जात. चोर्ला घाट उतरला की गोवा. कुणाचा तरी काका किंवा शेजारचा दादा हॉटेलात असतो, सुट्टीत पंधरा दिवस म्हणून नववी-दहावीचा पोरगा जातो आणि हातात पैसे आले की परतायचं नाव काढत नाही. अशा पोराला शाळेच्या नंबरावरून फोन लावू नका, तो उचलणार नाही. त्याच्या जवळच्या मित्राकडून निरोप धाडा. एकाने मला सांगितलं होतं, "दिवाळी झाली की येतो सर." दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं, मग एका सोमवारी नवा मोबाइल खिशात घालून हजर. त्या दिवशी मी मोबाइलवरून एक अक्षर बोललो नाही. आधी बसू दे, बाकीचं नंतर बघू असा विचार केला. आणि पोरगा दहावीत असेल तर आईवडिलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, बसायला ७५ टक्के हजेरी लागते. पैशाचं गणित त्यांना कळतं तसं हेही कळतं, फक्त कोणी सांगितलेलं नसतं.

चौथं कारण बोलून दाखवलं जात नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. दहावीतली, कधी नववीतलीही मुलगी अचानक यायची थांबली आणि घरचे "बरं नाही" एवढंच सांगत असतील तर कान टवकारा. तिच्या मैत्रिणींना खरं काय ते ठाऊक असतं. मुलीचं वय अठराच्या आत असेल तर ते लग्न बेकायदा आहे. पण एकट्याने तिच्या दारात जाऊन भांडू नका. हेडमास्तरांना सांगा, अंगणवाडीच्या ताईंना सांगा, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करणाऱ्याचं नाव फोडत नाहीत. उशीर करू नका, एवढंच.

जाता जाता बसचं सांगतो, कारण गैरहजेरीचं ते एक फुटकळ पण हमखास कारण. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुलींना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, मुलग्यांना पास लागतो. पण शिनोळी-तुडयेकडून म्हणजे चंदगड तालुक्यातून बेळगावात शिकायला येणारी मुलगी महाराष्ट्राची रहिवासी, तिला शक्ती लागू नाही. वर्गात तिच्या शेजारची फुकट येते आणि ही पैसे मोजते. "तुला कशाला तिकीट?" असं सहज विचारून मोकळे होऊ नका. मी झालो होतो.

## ४. एसए-१ चे पेपर वाटताना

सहामाही परीक्षा सुट्टीआधी झालेली असते, पेपर आपण सुट्टीत तपासतो आणि शाळा उघडली की कधी एकदा हातावेगळे करतो असं होतं. घाई करू नका. निम्मा वर्ग नसताना पेपर वाटले की न आलेल्यांना तेच पेपर नंतर कपाटातून काढून, विनाचर्चा, हातात मिळतात. त्यांना चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही. मी पेपर दोन टप्प्यांत वाटतो. आलेल्यांना पहिल्या आठवड्यात, उरलेल्यांना दिवाळीनंतर, आणि दुसऱ्या वेळी चुका समजावून सांगायचं काम पहिल्या तुकडीकडे देतो. वर सांगितलेल्या त्या मुलीचा टोमणा मला असा उपयोगी पडला.

गुण मोठ्याने वाचू नका. चुका वाचा, त्याही नाव न घेता. फळ्याचे दोन भाग करा: 'माहीत नव्हतं' आणि 'माहीत होतं पण चुकलं'. आपला पेपर बघून पोरं स्वतःच येऊन खूण करतात. दुसऱ्या भागातल्या खुणा नेहमी जास्त निघतात, हे बघून वर्गाला थोडा धीर येतो.

गुण सॅट्सवर चढवण्याचं काम शेवटच्या तारखेवर ढकलू नका. त्या दिवशी सगळा तालुका एकाच वेळी लॉगइन करत असतो. पहाटे साडेपाच-सहाला बसा, अर्ध्या तासात होतं. भरून झालं की पडद्याचा फोटो काढून ठेवा. 'तुमच्या शाळेचे गुण आलेच नाहीत' असा फोन यायचा तर तो येतोच.

आणखी एक सापळा, खास आपल्या भागातला. मार्क कमी पडले की पालक कोल्हापूरहून दहावीचं गाइड आणतात. कव्हर मराठी, भाषा मराठी, पालक खूश. पण ते महाराष्ट्र बोर्डाचं. तिकडे गणिताचे दोन भाग, बीजगणित आणि भूमिती, ४०-४० चे वेगळे पेपर. आपल्याकडे गणिताचा एकच ८० गुणांचा पेपर, आणि गणित-विज्ञानाचं पुस्तक एनसीईआरटीच्या धर्तीवरचं. समाज विज्ञानात तर आपल्याला समाजशास्त्र आणि व्यवसाय अध्ययनही आहे, त्या गाइडात त्याचा पत्ता नाही. पारिभाषिक शब्दही कुठे कुठे वेगळे पडतात, आणि पोरगं पेपरात गाइडातला शब्द लिहून येतं. सुट्टीनंतरच्या पालकसभेत हे एकदा सांगून टाका. सरावाला आपल्या परीक्षा मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिका पुरतात.

## ५. दहावीच्या नोंदणीतली नावं

दहावीच्या वर्गशिक्षकांनी हे दोनदा वाचावं. इतरांनी पुढे गेलं तरी चालेल.

सुट्टीनंतरच्या या दिवसांतच एसएसएलसीची नोंदणी सुरू असते. माहिती सॅट्सवरून ओढली जाते, आपण तपासून पक्की करायची. मराठी पोरांची नावं इथे फार मार खातात, आणि त्याचं कारण साधं आहे. एकच नाव मराठी माणूस इंग्रजीत एक लिहितो, कन्नड माणूस दुसरं. सुनीता, लता, ज्योती यांच्यातल्या 'त'साठी आपण नुसता टी लिहितो, कन्नड पद्धतीत टी-एच येतो. ज्ञानेश्वर घ्या. आपण डी-एन-वायने सुरुवात करतो, दाखले देणाऱ्या नाडकचेरीत जे-एनने होते, आणि आधारवर कोणीतरी जी-वाय टाकून ठेवलेलं असतं. पोरगा एक, स्पेलिंगं तीन. आज हे किरकोळ वाटतं. पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला), शिष्यवृत्तीला, पासपोर्टला ते पोर शपथपत्रं करत फिरतं.

माझी पद्धत अशी. यादीची प्रत काढतो आणि प्रत्येक मुलाला आपली ओळ स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, उतरवून घरी न्यायला लावतो: स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, जन्मतारीख. घरच्यांनी आधारशी ताडून सही करून परत पाठवायचं. आईचं नाव विशेष तपासा. गुणपत्रिकेवर तेही येतं, आणि माहेरचं की सासरचं हा घोळ घराघरांत असतो. शेवटी सगळं प्रवेश रजिस्टराशी मिळवून बघा, कारण वाद झाला तर रजिस्टरातलं नाव धरतात. रजिस्टरातच चूक असेल तर ती खोडून दुरुस्त करण्याचा मोह आवरा. दुरुस्तीचा रस्ता अर्जाचा, हेडमास्तरांमार्फत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाकडे.

एका वर्षी मी दोन मुलींच्या जन्मतारखा अदलाबदल झालेल्या तशाच पुढे पाठवल्या. दोघींचं पहिलं नाव एकच होतं. गुणपत्रिका हातात पडल्यावर समजलं. त्यातल्या एकीच्या वडिलांनी दुरुस्तीसाठी किती दिवस मजुरी बुडवली ते मला माहीत आहे, म्हणून मी अजून दरवर्षी यादी तीनदा वाचतो.

शिष्यवृत्तीचे एसएसपीवरचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे) अर्जही याच सुमारास. जात-उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर आणि आधार जोडलेलं बँक खातं, एवढं पालकांकडून आधीच मागवून ठेवा.

## ६. सुत्तोले वाचता आलं पाहिजे

परिपत्रकाला आपल्याकडे सगळे सुत्तोलेच म्हणतात, आणि ते कन्नडमधून येतं. नवे शिक्षक एक तर ते कन्नडच्या बाईंकडे घेऊन पळतात किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं भाषांतर खरं मानतात. दोन्ही वाईट. सगळं वाचता आलं नाही तरी काही शब्द डोळ्यांना ओळखीचे करून घ्या. 'तुर्तु' म्हणजे तातडीचं. 'गडुवु' म्हणजे मुदत. 'वरदी' म्हणजे अहवाल. 'सल्लिसु' म्हणजे सादर करा. 'सभे' म्हणजे बैठक. 'रजे' म्हणजे सुट्टी, हा मात्र कोणाला शिकवावा लागत नाही. एवढे शब्द दिसले की कागद बाजूला ठेवायचा की उठून पळायचं ते तरी ठरवता येतं.

लिपी शिकायला दोन महिने पुरतात. आपल्या वर्गातली आठवीची पोरं कन्नड वाचतात आणि आपण त्यांच्याकडून वाचून घेतो, यात लाज वाटण्यासारखं आहे. मला वाटली, म्हणून शिकलो.

## ७. एक नोव्हेंबर

हा दिवस सुट्टीनंतर लगेच येतो आणि नवा शिक्षक गोंधळतो. शाळेत कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, गावात सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्यांचा काळा दिवस. १९५६ पासून हे असं चालू आहे.

शाळेच्या कार्यक्रमाला तुम्ही हजर राहायचं, तो नोकरीचा भाग आहे. कन्नडमाता भुवनेश्वरीच्या फोटोची पूजा होते, नाडगीत (राज्यगीत) होतं. पोरांना कुवेंपूंच्या त्या गीताचा अर्थ आधी मराठीत सांगून ठेवा, नाहीतर ती पोपटासारखी ओठ हलवतात. त्या दिवशी पट कमी असतो. दुसऱ्या दिवशी "काल कुठे होतास?" असं भर वर्गात विचारू नका. हजेरीपटात जे आहे ते राहू द्या. घरी काय बोललं जातं ते त्या पोराने वर्गात सांगावं किंवा लपवावं, असा प्रसंग तुमच्या तोंडून यायला नको. तुमची स्वतःची मतं असतील, माझीही आहेत. ती शाळेच्या फाटकाबाहेर आणि व्हॉट्सॲप स्टेटसच्याही बाहेर ठेवा. स्टेटसचा फोटो काढून वर पाठवणारे पुष्कळ असतात.

## ८. पोर्शनची पुन्हा आखणी

जूनमध्ये लिहिलेलं वार्षिक नियोजन आता उपयोगाचं नसतं. तरी ते फाडू नका, तपासणीला तेच दाखवायचं असतं. शेजारी पेन्सिलीने खरं नियोजन लिहा.

बसून सरळ तास मोजा. नोव्हेंबर-डिसेंबरमधले कामाचे दिवस घ्या. त्यातून कनकदास जयंती, क्रीडा स्पर्धा, प्रतिभा कारंजी (मुलांच्या कलागुणांच्या स्पर्धा) आणि सहल वजा करा. शनिवार सकाळचा, तो अर्धाच धरा. एफए-३ ला काही तास जातील. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन बेळगावात सुवर्ण विधानसौधात भरलं तर हलग्याच्या बाजूने येणाऱ्या पोरांना आणि शिक्षकांना उशीर ठरलेला. एवढं काढून जे उरतं ते बघून नवा माणूस घाबरतो. घाबरायला हवंच. दहावीला डिसेंबरअखेर धडे संपवून जानेवारीपासून उजळणी आणि पूर्वपरीक्षा, असं आम्ही धरून चालतो.

मग कापायचं काय? धडा वगळू नका, धड्यातलं आपलं बोलणं कमी करा. जे मुलं वाचून करू शकतात ते घरी द्या आणि तासाला फक्त अडलेलं घ्या. एसएसएलसी एकूण ६२५ ची. प्रथम भाषेला १२५, बाकी पाच विषयांना १००, आणि त्यातले प्रथम भाषेला २५, इतरांना २० हे अंतर्गत. ते अंतर्गत गुण म्हणजे पोराच्या हातात आधीच असलेला आधार. आपल्या आळसामुळे त्याची एफएची वही अपुरी राहून ते जाऊ नयेत. गोव्याहून उशिरा आलेल्याची राहिलेली एफए नोव्हेंबरातच करून घ्या, फेब्रुवारीत कोणाला वेळ नसतो.

## ९. नाताळ आणि जानेवारीतली थंडी

बेळगावातल्या मिशनरी शाळांना नाताळची आठ-दहा दिवसांची सुट्टी मिळते, आपल्याला २५ डिसेंबरचा एक दिवस. तुमच्या वर्गातली पोरं कॅम्प भागातल्या मित्रांची सुट्टी बघून कुरकुरतील, कुरकुरू द्या. तुम्ही मिशनरी शाळेत असाल तर वरच्या सगळ्यातलं सुगी-दिवाळीचं कमी लागेल, पण जानेवारीत पहिल्या दिवशी नवा धडा न काढण्याचा नियम तिथेही तितकाच खरा.

शनिवारच्या सकाळच्या शाळेला खानापूरकडे इतकं धुकं असतं की कंपाउंडशेजारचा रस्ता दिसत नाही. पोरं काखेत हात घालून बसतात, बोटं आखडलेली, लिहायला सांगितलं तर अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पहिला तास मैदानात घ्या, उन्हाकडे पाठ करून. फळा लागत नाही असं काहीतरी निवडा, पाढे, तोंडी गणितं, प्रमेयाचं विधान. आमच्या शाळेत पूर्वेच्या भिंतीला आठ वाजता ऊन लागतं. त्या भिंतीसाठी दहावी अ आणि ब यांच्यात दर शनिवारी भांडण होतं, म्हणून मी पावणेआठलाच जाऊन जागा धरतो.